फरशीखालची माती

गाडीतून उतरण्याआधीच संजनाने नवऱ्याला बजावलं होतं, आज तू गप्प बसायचं नाहीस. कौस्तुभ वर्षभर गप्पच होता. तिच्या चुलतभावाच्या हळदीत, भरल्या मांडवात, सासरा त्याला चोर म्हणाला तेव्हा तो गप्प. मेहुण्याने फोन उचलायचं सोडलं तेव्हा गप्प. ऑफिसात त्याच्याकडची वालीवच्या कारखान्यांतली फरश्यांची सगळी कामं काढून दुसऱ्याला दिली, त्या दिवशीही घरी येऊन मुकाट्याने जेवला आणि झोपला. एव्हरशाईन सिटीतल्या शेजाऱ्यांना त्याचं हे वागणं फार सभ्य वाटायचं. संजनाला त्याचा आता वीट आला होता.

"मी भांडायला आलो नाहीये," गाडीचं दार लावता लावता तो म्हणाला.

"मी आलेय," संजना म्हणाली.

वालीवचे कारखाने संपून खाडीकडची खाजणं लागतात तिथे काळूराम घरताचं गॅरेज होतं. रविवार असल्यामुळे कामाची माणसं नव्हती आणि शटर अर्धंच वर होतं. वाकून आत शिरल्याबरोबर संजनाची नजर खाली गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या उन्हाळ्यात याच जमिनीवर कौस्तुभच्या कंपनीने राखाडी इपॉक्सीचा, म्हणजे रंगासारख्या रसायनाचा, थर ओतला होता. तेव्हा ती तोंड दिसेल इतकी चकचकीत होती. आता तिला जागोजाग फोड आले होते, फुटलेल्या फोडांचे पापुद्रे निघाले होते आणि पापुद्र्यांखालून पांढरं काहीतरी फुलून वर आलं होतं. हे सगळं कधीच खरवडून काढता आलं असतं. आबांनी ते काढू दिलं नव्हतं. येईल त्या गिऱ्हाइकाला ते बोट करून दाखवायचे आणि म्हणायचे, ही आमच्या जावयाची कृपा.

आबा म्हणजे काळूराम, तिचा बाप. जुन्या जीपच्या सीटवर तो मांडी घालून बसला होता. सत्तरी उलटली तरी हात अजून पान्यावर बसायचे आणि जीभ माणसांवर. त्याने लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं नाही, आणि मुलाला, प्रितेशला, म्हणाला, "आले ते. आता सुरू कर तुझं."

लेक वर्षाने आली होती. 'ये' एवढंही नाही. लतिकावहिनीने मात्र उठून दोन खुर्च्या झटकल्या आणि थर्मासमधला चहा ओतला. आई, बायजा, मागे ऑइलच्या डब्यांपाशी स्टुलावर बसली होती. तिनेच शेजारणीकडून नंबर लावून घेऊन रविवारी ये म्हणून सांगितलं होतं. जावयाला घेऊन ये, फरशी ठरवायचीय, असं दोनदा म्हणाली होती. जावयाला का, हे संजनाने विचारलं तेव्हा तिने फोन ठेवून दिला होता.

०

फरशीचं एकदाचं मिटावं एवढंच प्रितेशला हवं होतं. एका मोटार कंपनीने आपल्या गाड्यांचं सर्व्हिसिंग या गॅरेजला द्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. गाडी उचलणारी लिफ्ट बसवा आणि जमीन धड करा, एवढंच त्यांचं म्हणणं. लिफ्टच्या पायासाठी कालच फेबियनच्या माणसाने ब्रेकर लावून मधोमध खड्डा पाडून दिला होता. फेबियन हा आबांचा जुना दोस्त. वालीवमधली निम्मी तोडफोड आणि खोदाई त्याच्याकडे असायची, त्यामुळे त्याला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखानदारांना कळायची. माणूस खड्डा पाडून गेला आणि आबांनी स्वतः त्यावर पत्रा ओढला, पत्र्यावर दोन टायर ठेवले. त्यात कोन मानूस पडायला नको, असं म्हणाले.

पत्रा ओढायच्या आधी प्रितेशने खड्ड्यात डोकावून पाहिलं होतं. पण ते त्याने मनातून काढून टाकलं होतं. नको त्या गोष्टी मनातून काढून टाकणं त्याला लहानपणापासून चांगलं जमत असे, आणि अशा बापाच्या हाताखाली दिवस काढायचे तर दुसरं जमण्यासारखं काही नव्हतंही.

त्याने गाडीच्या बॉनेटवर जाड पुठ्ठा टाकून सगळे नमुने मांडले. कोटा दगडाचा हिरवट तुकडा, खडबडीत सिमेंटची लादी, पेव्हर ब्लॉक, वरून कडकपणासाठी हार्डनरची पूड घालून घोटलेल्या काँक्रीटचा ठोकळा, आणि एका दुसऱ्या कंपनीच्या इपॉक्सीची चकती. आबांनी बाकी कशाकडे न बघता कोट्यावर हात ठेवला. त्यांच्या मते कोटा घातला की विषय संपला. प्रितेशने सांगून पाहिलं की कोटा तेल पितो, पॉलिश केला तर त्यावर माणूस घसरतो आणि जॅक लावला की सांध्यात उचकटतो. पेव्हर ब्लॉक आबांना चालले असते, पण त्यांच्या फटीत एकदा नट गेला की तो खाडीत गेल्यासारखाच, आणि ट्रॉली जॅकची चाकं अडकतात ती वेगळीच. त्याचं स्वतःचं मत अजूनही इपॉक्सी हेच होतं. कंपनीच्या लोकांना तीच आवडते, तेल सांडलं तर पुसून निघते, खाली पडलेला बारीक स्क्रूसुद्धा दिसतो. फक्त या वेळी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची.

लतिकाने तोंड उघडलं ते रागानेच. गेल्या पावसाळ्यापासून गाडी आत आली की टायरला चिकटून इपॉक्सीचे पापुद्रे उठायचे, आणि लोखंडी पत्री घेऊन ते टायरवरून खरवडायला हीच बसायची, कारण नवरा फोनवर आणि सासरा खुर्चीवर. तिने हार्डनरचा ठोकळा उचलून नवऱ्याच्या पुढ्यात आपटला. हेच घालायचं, ती म्हणाली. जाड काँक्रीट, वर हार्डनर, मशीनने घोटलेलं. दिसायला साधं असेल, पण निदान त्याची सालं निघणार नाहीत. कंपनीच्या लोकांना चकाकी हवी असेल तर त्यांनी येऊन रोज पुसावी.

आबा तिच्या बाजूने झाले. सुनेच्या बाजूने ते सहसा होत नसत, पण मुलाला हरवायचं असलं की त्यांना सून चालायची. "ती बोलते ते बरोबर हाय," ते म्हणाले. "त्या रंगाचं नाव काढू नको परत. एकदा घरातल्याच चोरानं फसवलं, तेवढं बास झालं."

०

संजनाने चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवायचा नाही असं ती गाडीत ठरवून आली होती आणि तिने तो चढवला नाहीच. फक्त खुर्ची बापाकडे वळवली.

"आबा, तुम्ही हळदीच्या मांडवात बोललात ते चार माणसांसमोर बोललात. फेबियनकाका तुमच्या शेजारीच बसले होते. ते शब्द चार माणसांसमोर मागे घ्या. नाही घेतलेत तर मी या दारात पुन्हा येणार नाही. भाऊबीजेलाही नाही. आणि तुमचं काही झालं तरी नाही, हेही आजच सांगून ठेवते."

बापाच्या मरणाची भाषा लेकीने तोंडावर करावी, हे घरतांच्या घरात आजवर झालं नव्हतं. प्रितेश "संजू, काय बोलतेस तू" असं काहीतरी पुटपुटला, आणि ती त्याच्याकडे वळली. दादा, तू तर बोलूच नकोस, ती म्हणाली. वर्षभर तुला एक फोन उचलता आला नाही.

काळूरामने सीटवरून पाय खाली सोडले. "काय मागं घेऊ? फरशीला फोड आले ते मागं घेऊ? माल कोनाचा व्हता? मानसं कोनाची व्हती? मी काय खोटं बोललो?"

आणि मग तो जे बोलत सुटला ते हळदीत बोललेलंच होतं, थोडं तिखटमीठ लावून. शिकलेला जावई म्हणून विश्वास ठेवला. हलका माल घातला आणि वरचं खिशात घातलं. गाव हसलं. कंपनीचे साहेब बघायला आले तर त्यांच्या बुटाला साल चिकटून आलं. घरतांचं नाव खराब झालं ते याच्यामुळे, आणि आता हीच मानसं माफी मागायला सांगतात.

०

कौस्तुभ हे सगळं ऐकत होता आणि त्याला उन्हाळ्यातली ती दुपार आठवत होती. काम सुरू करण्याआधी त्याने इथेच उभं राहून सासऱ्याला विचारलं होतं, काँक्रीटच्या खाली काय आहे, प्लास्टिक अंथरलंय का, भराव कशाचा आहे. त्याच्या धंद्यातला हा पहिला प्रश्न असतो. खालून ओल वर येत असेल तर वरचं कितीही महागाचं असो, टिकत नाही. काळूराम तेव्हा छाती काढून म्हणाला होता, मुरूम हाय, खाली दगडाची सोलिंग हाय, रेल्वे चालवा वरून. कौस्तुभने नियमाप्रमाणे जमिनीवर प्लास्टिकचा चौकोन चिकटवून रात्रभर ठेवला होता. सकाळी प्लास्टिकखाली एक थेंब नव्हता. खरं म्हणजे ते तीन-चार ठिकाणी आणि जास्त दिवस ठेवायला हवं होतं. गिऱ्हाईक परकं असतं तर त्याने ठेवलंही असतं. सासऱ्याने एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा कसं विचारायचं, या संकोचात तो फसला होता. गप्प बसण्याचं कारणही तेच होतं. आपलंच चुकलं असावं असं त्याला वर्षभर वाटत होतं.

आता मात्र खिशात घातल्याचा शब्द दुसऱ्यांदा ऐकला आणि त्याच्या आत काहीतरी तटकन तुटलं.

"आबा, मी विचारलं होतं तुम्हाला," तो उठून उभा राहिला. "खाली काय आहे म्हणून. तुम्ही मुरूम म्हणालात."

"मग मुरूमच हाय."

"मग तो पत्रा काढा. बघू दे मला."

बायको चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागली. काळूराम मात्र एकदम भडकला. माझ्या गॅरेजात मना हुकूम सोडतोस, म्हणाला. लिफ्टचा खड्डा हाय तो, उद्या भरायचाय, कोनी हात लावायचा नाय. प्रितेश मध्ये पडला. भावोजी, जाऊ द्या ना, फरशीचं बोलू आपण, असं म्हणत त्याने मेहुण्याचा दंड धरला. कौस्तुभने तो हिसडून सोडवला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने या घरातल्या कुणाला असा धक्का दिला असेल, आणि तो त्याला फार आवडला.

०

बायजा स्टुलावरून उठली. ती उठली हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण ती मध्ये पडेल असं कुणाला वाटतच नसे. तिने एक टायर ढकलला. दुसरा तिला हलेना, तेव्हा लतिका पुढे झाली. आबा ओरडले, "लतिके, बस खाली." लतिका खाली बसली नाही. दोघींनी टायर लोळवला आणि पत्रा ओढून बाजूला टाकला. त्याचा करकरीत आवाज सगळ्या गॅरेजभर झाला.

वर वीतभर काँक्रीट. आणि त्याच्या खाली मुरूम नव्हता, दगड नव्हते, प्लास्टिक तर नव्हतंच. काळी, चिकट, घट्ट माती होती. ब्रेकरने कापल्या जागी ती ओली दिसत होती आणि खड्ड्याच्या तळाशी पाण्याचं थारोळं साचलं होतं.

बायजाने वाकून कडेची चिमूटभर माती बोटावर घेतली आणि जिभेला लावली. कुणाला काही सांगायच्या आधी ती थुंकली.

"मीठ हाय," ती म्हणाली. "आपल्या आगरातली माती हाय ही. मना चव म्हायती हाय."

मग तिने सांगितलं, आणि ते सांगताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती, जावयाकडे बघत होती. गॅरेज बांधायच्या वेळी भराव घालायचा होता. घरतांचं मिठागर तेव्हा नुकतंच बंद पडलेलं. मीठ पिकवायच्या आधी आगराचा तळ दर साली तुडवून घट्ट करायचा असतो. सगळ्या घराने रांगेत उभं राहायचं, हात धरायचे आणि टाच उमटेनाशी होईपर्यंत तुडवायचं. त्याच्यापेक्षा पक्की जमीन काळूरामला दुसरी ठाऊक नव्हती. त्याने मुरमाला नाही म्हणून सांगितलं आणि बापाच्या आगराचा तळ खणून बैलगाडीने इथे आणून टाकला. घरच्या बायका-माणसांनी तो दिवसचे दिवस तुडवला. "तवा तू पोटात व्हतीस," ती संजनाला म्हणाली. "मी नको म्हटलं. मिठाची माती घरात नको, पानी ओढते. ते बोलले, तुना काय कळतं."

कौस्तुभ खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. त्याला सगळं कळलं होतं. नुसती ओल असती तरी एक वेळ निभावलं असतं. इथे ओलीबरोबर मीठही वर येत होतं आणि खालून इपॉक्सीला ढकलत होतं. पापुद्र्यांखाली फुलून आलेलं ते पांढरं मीठच होतं. कुठल्याही कंपनीचा कुठलाही माल इथे टिकला नसता.

"पण माझ्या प्लास्टिकखाली पाणी कसं नाही आलं?" त्याने विचारलं.

"तुमी भांगेच्या भरतीत बघितलंत," बायजा म्हणाली. "खाडीला पानी कमी चढतं त्या दिसांत. उधानाला बघायचं व्हतं." आणि थोडं थांबून, "मना विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पन मना कोन विचारतो."

०

काळूरामला खोटं बोलायचं नव्हतं. म्हणजे आधी तरी नव्हतं. ही जमीन त्याला खरोखर पक्की वाटत आली होती. तिच्यावर त्याने रिक्षा उघडल्या, टेम्पो उघडले, ट्रकची इंजिनं उतरवली, आणि ती कधी खचली नाही. सगळ्या वालीवमधल्या जमिनी बसल्या, भिंतींना चिरा गेल्या, त्याची बसली नाही. पण त्या दुपारी इस्त्रीच्या शर्टातला जावई वही-पेन घेऊन समोर उभा राहिला आणि विचारू लागला भराव कशाचा आहे, तेव्हा 'चिखलाचा' असं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. याच्या घरचे लोक मुंबईला ऑफिसात जाणारे. चिखल म्हटलं की हा घरी जाऊन सांगेल, सासरा चिखलावर बसलाय. म्हणून तो मुरूम म्हणाला. एकदा म्हणाल्यावर पुढे मुरूमच म्हणावं लागलं. आणि पावसाळ्यात फोड आले तेव्हा त्याने एक फोड स्क्रूड्रायव्हरने फोडला, आतलं पाणी बोटाला लावून चाखलं, आणि काय झालंय ते त्याच क्षणी ओळखलं. त्यानंतर बोलायला दोनच गोष्टी उरल्या. एक तर बापाच्या आगराची माती वाईट म्हणायचं, नाही तर जावयाला चोर म्हणायचं. जावई परका होता.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तो ओरडत राहिला. बायको बापजाद्यांच्या मातीला नावं ठेवते म्हणून ओरडला, सून सासऱ्याचं ऐकत नाही म्हणून ओरडला. वर रंगच हलका होता, चांगला असता तर मातीला दाबून बसला असता, असं काहीतरीही ओरडला. त्यावर तर त्याचा स्वतःचाही विश्वास बसला नसावा.

लतिका त्याच्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. खड्डा पडला तेव्हा प्रितेश इथेच होता, हे तिला आठवलं.

"तुम्ही काल बघितलंत ना हे?" तिने विचारलं.

प्रितेशने मान खाली घातली.

"आणि गेल्या वर्षी? तेव्हापण माहीत होतं?"

"डाउट होता," तो म्हणाला. "आबांना कोण विचारणार?"

लतिकाला वाटलं होतं की आपल्याला राग येईल, पण तिला किळस आली. हळदीतून परत येताना गाडीत याच नवऱ्याने तिला सांगितलं होतं की कौस्तुभ असलाच आहे, गोड बोलून कापणारा. तिने ते खरं मानलं होतं आणि तुळिंजला माहेरी गेली तेव्हा तिथेही चवीने सांगितलं होतं. ती उठली आणि आपली खुर्ची उचलून संजनाच्या शेजारी नेऊन ठेवली. प्रितेशला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं, आणि लागावं म्हणूनच ती तशी बसली होती.

०

तेवढ्यात टेबलावरचा काळूरामचा फोन वाजला. फेबियन होता. काळूरामला ऐकू कमी येत असल्यामुळे त्याचा फोन कायम स्पीकरवर असायचा. उद्या पुन्हा ब्रेकर पाठवू का, सगळी फरशी काढणार की नुसता खड्डाच, एवढं फेबियनला विचारायचं होतं. वरची सालं तरी काढावी लागतील, तो हसत म्हणाला. जावयानं तुला चांगलंच रंगवलंय, काळू.

संजना उठून बापाच्या समोर येऊन उभी राहिली. जे हवं होतं ते आता दोन वाक्यांवर आलं होतं. मांडव नको, माणसं नकोत. फेबियनला सांगितलं की झालं, उद्या सकाळी सगळ्या वालीवला कळलं असतं. तिने हात जोडले नाहीत. फक्त बापाच्या डोळ्यांत बघत राहिली. काळूरामनेही तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, असं लतिका पुढे बरेच दिवस सांगायची.

"तुझा आवाज तुटतोय," तो फोनला म्हणाला. "मंग करतो." आणि त्याने फोन बंद केला.

संजनाने पर्स उचलली.

ती शटरपर्यंत पोचलीही नव्हती, एवढ्यात बायजाने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. घेतला म्हणजे हिसकावलाच. काळूराम इतका चकित झाला की त्याने तो सोडला. बायजाला नंबर लावता येत नव्हता. तिने फोन लतिकाकडे धरला आणि लतिकाने लावून दिला.

"फेबियनभाऊ, बायजा बोलते," ती म्हणाली. "आवाज नाय तुटत. ऐका. खाली मुरूम नाय. आमच्या आगराची माती हाय, मिठाची. मी तुडवलीय. जावयानं मुरूम हाय काय म्हनून विचारलं व्हतं, यांनी हो म्हटलं. जावयाचा माल चांगला व्हता, त्यानी कायपन खाल्लेलं नाय. यांनी मांडवात खोटं सांगितलं, आनि मी ऐकून गप बसली. आता हे तुमी सगल्यांना सांगा, तवा सांगितलंत तसंच."

पलीकडून फेबियन "बरं, वहिनी" म्हणाला, आणि ब्रेकरचं विचारायला विसरला.

काळूराम उठला. त्याचा चेहरा काळवंडला होता आणि आवाज खाली आला होता. तो ओरडत असताना घरातलं कुणी फारसं घाबरत नसे. आवाज खाली आला की सगळे घाबरत.

"घरी चल," तो बायकोला म्हणाला. "मंग बघतो तुना."

"नाय येत," बायजा म्हणाली.

तिने ऑइलच्या डब्यांमागून पिशवी काढली. पिशवीत नऊवारी लुगडं होतं, गोळ्यांचा डबा होता आणि विंचरायची फणी. ती सकाळीच भरून आणलेली होती. संजनाने आईला फोनवर विचारलं होतं, जावयाला का बोलावतेस, त्याचं उत्तर आता मिळालं होतं. खड्डा पडणार आहे आणि खाली काय निघणार आहे हे काळूरामशिवाय या घरात फक्त बायजालाच आधीपासून माहीत होतं, आणि जावयाने ते बघावं म्हणूनच तिने त्याला बोलावलं होतं.

"आई, तू माझ्या घरी चल," संजना म्हणाली. तिचा राग मात्र उतरला नव्हता. बापाकडे वळून ती म्हणाली, "आईने सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत, आबा. मी म्हटलेलं ते तसंच आहे."

कौस्तुभने सासूच्या हातातली पिशवी घेतली. जाताना तो खड्ड्यापाशी थांबला आणि सवयीने प्रितेशला म्हणाला की आता यावर काहीही लावू नका, कोटा नाही, काँक्रीट नाही. ही माती पूर्ण काढा. मुरूम, सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिक, मग काँक्रीट आणि हार्डनर. वहिनी म्हणाल्या तेच बरोबर आहे. मग आपण यांना सल्ला का देतोय असं त्याचं त्यालाच वाटलं असावं, कारण तो पुढचं वाक्य अर्धवट सोडून बाहेर गेला.

गाडी निघाल्याचा आवाज आला. प्रितेशने पत्रा उचलून पुन्हा खड्ड्यावर टाकायला घेतला, तेव्हा लतिका म्हणाली, राहू दे उघडा, आता कुणापासून लपवायचाय. त्याने पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. फेबियनला काहीतरी कळवायला हवं होतं, कंपनीच्या माणसांना तारीख द्यायची होती, आणि सगळी माती उपसायची म्हणजे महिनाभर गॅरेज बंद. एवढा निर्णय त्याने जन्मात एकट्याने घेतलेला नव्हता.

"आबा," त्याने विचारलं, "काढायची का सगळी माती?"

काळूराम जीपच्या सीटवर पुन्हा बसला होता. "मना कशाला विचारतोस?" तो म्हणाला. "तुझ्या आयेला विचार. तिलाच सगलं कळतं."

हे त्याने टोचून म्हटलं होतं. पण प्रितेशने खिशातून फोन काढला आणि खरोखरच बहिणीचा नंबर लावला. वर्षभरानंतर तो लावताना त्याचा अंगठा चुकला, पुन्हा लावावा लागला. संजनाने उचलला आणि सरळ आईकडे दिला. प्रितेशने सगळं विचारलं, माती काढू का, काँक्रीट कसलं घालू, महिना बंद ठेवलं तर चालेल का. लतिका शेजारी येऊन उभी राहिली होती, तिला ऐकू यावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"फरशीचं मग बघू," बायजाचा आवाज आला. "आधी तुझ्या बापाला म्हनावं, लेकीला फोन कर. तो फोन आला की मी सांगते काय घालायचं ते."

काळूरामने ऐकलं. त्याचा फोन टेबलावर होता, हात लांबवला असता तर पोचला असता. प्रितेश आणि लतिका बराच वेळ थांबले, मग शटरपाशी जाऊन उभे राहिले, मग जेवायला घरी निघून गेले. तो तिथेच बसून राहिला, आणि फरशीचं त्या दिवशी काही ठरलं नाही.